आमच्या शिरपूरची

खानदेशच्या माणसाला एक खोड आहे. कोणी मोठें माणूस उदयास आलें कीं, त्याचें गांव तापीच्या आसपास कोठें सांपडतें काय, हें तो आधीं पाहतो. सांपडलें तर प्रश्नच मिटला. न सांपडलें तरी तो सहसा निराश होत नाहीं. बालकवि धरणगांवचे आणि बहिणाबाई असोद्याच्या; त्यांना आपलें म्हणण्यास कोणाची परवानगी नको. परंतु साने गुरुजी मूळचे कोंकणांतल्या पालगडचे. ते कांहीं वर्षें अंमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते, एवढ्या आधारावर आम्हीं त्यांना खानदेशी करून टाकलें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं तर १९२६ सालच्या शेवटच्या दिवशीं धुळ्यास देह ठेवला, तेव्हां त्यांच्यावरचा आमचा हक्क कायमचा शाबीत झाला.

ही खोड आमच्याही अंगीं पुरेपूर आहे. "स्मिता पाटील आमच्या शिरपूरची" हें वाक्य आम्हीं आयुष्यांत किती वेळां उच्चारलें असेल याची गणति नाहीं. आगगाडींत समोर बसलेल्या परक्या गृहस्थांपुढें उच्चारलें आहे, मुंबईच्या व्याह्यांपुढें उच्चारलें आहे, आणि वर्गांत मुलांपुढें, चालू धड्याशीं कांहीं एक संबंध नसतांना, उच्चारलें आहे. वस्तुस्थिति पाहूं गेल्यास हा हक्क तितकासा बळकट नाहीं. तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास झाला आणि वाढली ती पुण्या-मुंबईंत. शिरपूर हें तिच्या वडिलांचें कार्यक्षेत्र. शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्यलढ्यांतून आलेले, समाजवादी विचारांचे, पुढें राज्याच्या मंत्रिमंडळांत बसलेले आणि सहकारी साखर कारखानदारींत देशभर नांवाजलेले गृहस्थ. आग्रा रस्त्यानें धुळ्याहून तास-दीड तास उत्तरेला गेलें, तापीचा पूल ओलांडला, कीं शिरपूर येतें; पलीकडे सातपुडा. त्या रस्त्यानें आम्ही पुष्कळदां गेलों आहों. पण स्मिता पाटील आम्हांला तेथें कधीं दिसली नाहीं. (ती आमच्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून एकेरी लिहितों, वाचकांनीं क्षमा करावी.)

तें वाक्य उच्चारण्याचा आम्हांस कितपत अधिकार आहे, ही शंका आम्हांला फार उशिरां आली. ती कशी आली हें सांगणें थोडें अवघड आहे, कारण त्यांत आमच्याच घरची एक गोष्ट येते.

आम्ही त्या वेळीं धुळ्यास मुलांच्या एका शाळेंत मराठी शिकवीत असूं. स्नेहसंमेलनाचें नाटक बसविण्याचें काम दरसाल आमच्याकडे येई, आणि मुलांकडून स्त्रीपार्ट करवून घेण्यांत आमचा हातखंडा होता. कोणी हंसलें तर आम्ही बालगंधर्वांचा दाखला देत असूं, आणि त्यांचें बालपण कांहीं काळ जळगांवांत गेलें, तेथेंच मेहबूबखांपाशीं ते गाणें शिकले, हें जोडण्यास विसरत नसूं. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुरां'त १९१३ सालीं कमलाबाई गोखल्यांनीं काम केलें, १९३२ च्या 'अयोध्येच्या राजां'त दुर्गाबाई खोट्यांसारख्या सुखवस्तु घरच्या बाई तारामती झाल्या, ह्या गोष्टी तर आम्ही वर्गांत छाती पुढें काढून सांगत असूं. पण तीं माणसें मुंबईचीं. आमचें बिऱ्हाड धुळ्याच्या गल्ली नंबर चारमध्यें. आणि गल्लीचे कायदे वर्गांतल्या व्याख्यानांहून निराळे असतात.

१९७६ सालीं आमची धाकटी कॉलेजांत होती. एकांकिकांच्या स्पर्धेसाठीं तिच्या कॉलेजनें एक नाटक बसविण्यास घेतलें, आणि त्यांतल्या गिरणी-कामगाराच्या बायकोच्या कामासाठीं तिची निवड झाली. तालमी सुरू झाल्या. स्पर्धा जळगांवीं होती आणि एक रात्र तेथें मुक्काम पडणार होता. हें कळल्यावर शेजारच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनीं आम्हांला ओट्यावर थांबवून एवढेंच विचारलें, "धाकटी नाटकांत काम करते म्हणे?" प्रश्नांत वावगें कांहींच नव्हतें. पण तो आमच्याबरोबर घरांत आला आणि जेवणाच्या पाटावर बसला. नानांनीं भाताचा घांस घेतां घेतां आमच्याकडे न पाहतांच म्हटलें, "तूं थोरला आहेस. तूं ठरव."

आम्हीं ठरविलें. "परीक्षा जवळ आली आहे," असें आम्हीं धाकटीस सांगितलें. परीक्षा चार महिने दूर होती. धाकटी "बरें" म्हणाली; रडली नाहीं कीं रुसली नाहीं. नाटकाची हातानें उतरवून घेतलेली वही तिनें आमच्या हातीं दिली आणि आम्हीं ती स्वतः नेऊन तिच्या प्राध्यापकांस परत केली. ते सज्जन होते. त्यांनीं कारण विचारलें नाहीं. पुढच्याच वर्षीं तिचें लग्न झालें. यजमान जळगांवीं बँकेंत होते. स्थळ उत्तम होतें, आणि तें आम्हींच शोधलें होतें.

ह्याच सुमारास तिकडे मुंबईंत दुसरी एक पाटलांची मुलगी लोकांच्या डोळ्यांपुढें येऊं लागली होती. लहानपणीं पुण्यास राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत तिनें काम केलें होतें. (सेवा दल म्हटलें कीं साने गुरुजी आले, आणि गुरुजी म्हटले कीं अंमळनेर, येथें आमची खोड पुन्हा डोकें वर काढते.) मुंबईचें दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें आणि पुढें कांहीं काळ ती त्यावर मराठींतून बातम्या सांगत असे. अंगांत पाश्चात्य विजार असे, तीवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढें बसे, अशी आख्यायिका आहे. कॅमेरा कमरेखालीं पाहत नसल्यामुळें तें खपून जाई. आमच्या धुळ्यास त्या लहरी पोंचत नव्हत्या, त्यामुळें आम्हीं तिला बातम्या सांगतांना पाहिलें नाहीं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या अरुण खोपकरांच्या 'तीव्र मध्यम' ह्या लघुपटांत ती होती. मग श्याम बेनेगलांनीं तिला 'चरणदास चोर' आणि 'निशांत' ह्या १९७५ च्या चित्रपटांत घेतलें. जब्बार पटेलांच्या 'सामना'तही तिचें लहानसें काम आहे. त्या चित्रपटाचा विषय म्हणजे साखर कारखान्याभोंवतालचें राजकारण. आणि ही तर साखरेच्याच सहकारांत नांवाजलेल्या गृहस्थांची कन्या! आम्हांला त्या घरचें त्यावेळीं फार नवल वाटलें होतें. १९७६ सालीं 'मंथन' आला. गुजराथच्या पांच लाख शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून तो उभा केला. त्यांतली दूधवाली बिंदू पाहून आमच्याकडचे लोक म्हणाले, ही तर आपल्याच शेतांतली बाई!

तें म्हणणें खरें होतें, आणि त्यांतच तिची थोरवी होती असें आम्हांस वाटतें. तोंवर रुपेरी पडद्यावरची नायिका म्हणजे गोरीपान, गुळगुळीत, जणूं उन्हानें जिला कधीं स्पर्शच केला नाहीं अशी. भर वैशाखांत ४५ अंशांच्या उन्हांत तळणाऱ्या आमच्या मुलखांतून अशी स्त्री यावी कोठून? कपाशी वेंचणाऱ्या बाईचा सांवळा रंग, गालफडें, मोठे डोळे आणि त्या डोळ्यांतली किंचित् संशयाची झांक. ही सगळी सामग्री स्मितेच्या मुद्रेंत होती. आणि तरीही ती कामकरीण नव्हती. शहरांत शिकलेली, मंत्र्यांच्या घरची मुलगी होती. दुसऱ्याच्या आयुष्यांत शिरण्याची ही विद्या तिनें कोठून मिळविली हें सांगतां येत नाहीं.

'भूमिका' १९७७ चा; आमच्याकडे तो पुढच्या वर्षीं आला, तोही सकाळच्या खेळाला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' ह्या आत्मचरित्रावर तो आधारलेला आहे. तें पुस्तक आम्हीं पूर्वींच वाचलें होतें. हंसाबाईंनीं लहानपणापासून घर पोसण्यासाठीं चित्रपटांत कामें केलीं, 'लोकशाहीर राम जोशी'नें त्यांना कीर्ति दिली, आणि घर म्हणावें असें घर मात्र त्यांना कोठेंच लाभलें नाहीं. बावीसएक वर्षांच्या स्मितेनें ती बाई कोंवळ्या वयापासून उतरणीपर्यंत अशी उभी केली कीं आम्ही थक्क झालों. नवऱ्याच्या घरांतून निघून ती एका धनिकाच्या वाड्यांत जाते, तेथें तिला मान आहे, दागिने आहेत, कुटुंब आहे. आणि एके दिवशीं तिला कळतें कीं, वाड्याबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी तेवढी नाहीं. त्या प्रसंगीं आमच्या घशाशीं आवंढा आला. 'भूमिके'बद्दल तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

घरीं येऊन आम्हीं धाकटीस चार पानी पत्र लिहिलें. आमच्या खानदेशच्या मुलीनें काय करून दाखविलें पाहा, घरंदाज मुली ह्या क्षेत्रांत आल्या तरच ह्या कलेला प्रतिष्ठा येईल, वगैरे वगैरे. पत्र उत्तम उतरलें होतें. टाकण्यापूर्वीं आम्हीं तें पत्नीसही वाचून दाखविलें. आठ दिवसांनीं धाकटीचें कार्ड आलें. "तुझें पत्र पोंचलें. 'भूमिका' इकडे अजून आलेला नाहीं. तूं लिहिलेलें सर्व ह्यांना वाचून दाखविलें. ह्यांना तुझें अक्षर फार आवडलें. नानांचा खोकला कसा आहे?" संसारांत पडल्यावर पोरीची रसिकता गेली, असें आम्हीं त्या दिवशीं मनाशीं म्हटलें. तें कार्ड आम्हांला पुढें अनेकदां आठवलें.

मधल्या काळांतल्या तिच्या कीर्तीविषयीं लिहिण्याचा आम्हांस उत्साह नाहीं. तें सर्वांना ठाऊक आहे. 'जैत रे जैत'मधली चिंधी, 'आक्रोश', 'बाजार', 'अर्थ'. कामें एकाहून एक सरस होतीं. 'चक्र'नें तिला दुसरें राष्ट्रीय पारितोषिक दिलें. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. झोपडपट्टींतली बाई उघड्यावर न्हाते, कारण तिला न्हाणीघर नाहीं. हा त्या कथेचा भाग. जाहिरातदारांनीं नेमकें तेवढेंच दृश्य भिंतीभिंतींवर चिकटवून बाजार मांडला. १९८२ सालीं 'नमक हलाल' आणि 'शक्ति' हे धंदेवाईक चित्रपट आले, आणि ज्यांनीं 'भूमिके'चें नांवही ऐकलें नव्हतें ते आमच्याकडचे टांगेवालेदेखील पावसांतल्या एका गाण्यामुळें तिला ओळखूं लागले. आम्हांस तें रुचलें नाहीं, आणि "आमच्या शिरपूरची" हें पालुपद आम्हीं कांहीं महिने बंद ठेवलें होतें. नंतर तें पुन्हा सुरू केलें, कारण त्याच वर्षीं 'उंबरठा' आला.

'उंबरठा' आम्हीं जळगांवीं धाकटीकडे गेलों असतां पाहिला. आम्ही, पत्नी, धाकटी आणि तिचे यजमान अशीं चौघें होतों. तिच्या मुलांस शेजारीं ठेवलें होतें. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून तेंडुलकरांनीं लिहिलेला आणि जब्बार पटेलांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. सुखवस्तु घरांतली सुलभा महाजन नवऱ्याला आणि लहान मुलीला मागें ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगांवीं जाते. तेथल्या गैरकारभाराशीं झगडून राजीनामा देऊन परतते. आणि घरांत आपली जागा उरली नाहीं हें पाहून पुन्हा उंबरठा ओलांडते. चित्रपट संपून दिवे लागले तेव्हां सभागृहांत एक विचित्र शांतता होती. बाहेर पडतांना यजमान म्हणाले, "काम छान केलें, पण मुलीला टाकून जाणें आपल्याला पटलें नाहीं बुवा." पत्नीनें मान डोलाविली. आम्हीं व्याख्यानास आरंभ केला. धाकटी कांहीं बोलली नाहीं.

रस्त्यानें चालतांना ती आमच्या बाजूस आली आणि हलकेच म्हणाली, "दादा, तिचे हात पाहिलेस?"

आम्हीं हात पाहिले नव्हते.

"आम्हांला तालमींत सांगत, रडूं आलें कीं पदर तोंडाशीं न्या, राग आला कीं मुठी वळा. म्हणजे शेवटच्या रांगेलाही कळतें. ही हातांचें कांहींच करीत नाहीं. हात असतात तेथें राहूं देते. त्यामुळें आपण चेहऱ्यावरून हलूंच शकत नाहीं." थोडें थांबून ती म्हणाली, "मला तें जमत नव्हतें. अकरा दिवस मी तालमीला गेलें; माझे हात सारखे मध्यें येत. सर म्हणाले होते, महिन्याभरांत जमेल."

मग तिनें मुलांची आठवण काढली आणि पावलें झपझप टाकूं लागली. आम्ही पंधरा वर्षें नाटकें बसवीत आलों होतों. अभिनयासंबंधीं इतकें नेमकें वाक्य आमच्या तोंडून कधीं निघालें नव्हतें. आणि अकरा हा आंकडा! तिच्या तालमी किती दिवस चालल्या हें आम्हीं कधीं मोजलें नव्हतें. मोजण्याजोगें त्यांत कांहीं होतें हेंच आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

त्या रात्रीं जळगांवच्या गच्चीवर पडल्या पडल्या आम्हांला प्रथम ती शंका आली. शिवाजीरावांची मुलगी पुण्यास न वाढतां खरोखरच आमच्या मुलखांत, आमच्या गल्लींत, आमच्यासारख्या थोरल्या भावाच्या घरीं वाढली असती तर? परीक्षा जवळ आली आहे, असें तिलाही कोणी तरी सांगितलें असतें. ती "बरें" म्हणाली असती. एखादें उत्तम स्थळ पाहून आपण तिला उजविलें असतें. आणि मग आगगाडींत परक्या गृहस्थांपुढें सांगण्यास आपल्याजवळ काय उरलें असतें?

१९८५ सालीं तिला 'पद्मश्री' मिळाली. १३ डिसेंबर १९८६ रोजीं ती गेली, वय एकतीस. पुत्रजन्मास पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. आमच्याकडे ती बातमी कळली तेव्हां आग्रा रोडवर माणसें घोळक्या-घोळक्यांनीं उभीं होतीं, जणूं कोणा नातेवाइकाची वार्ता आली आहे. त्या मंडळींपैकीं किती जणांनीं तिचे चित्रपट पाहिले होते कोण जाणे. पण दुःख खरें होतें. बाळंतपणानें गेलेली तरणी बाई, हें आमच्या गांवांना समजावून सांगावें लागत नाहीं. पुढच्या आठवड्यांत एका लग्नानिमित्त जळगांवीं जाणें झालें. धाकटीच्या हिशेबाच्या वहींत दूधवाल्याच्या पानाशेजारीं वर्तमानपत्रांतलें स्मितेचें चित्र कापून ठेवलेलें दिसलें. आमचें लक्ष गेलें हें पाहून तिनें वही मिटली आणि म्हणाली, "आम्ही एका वर्षाच्या."

केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' तिच्या पश्चात् १९८७ सालीं लोकांपुढें आला. तिला तो पडद्यावर आलेला पाहावयास मिळाला नाहीं. मिरचीच्या कारखान्यांत कोंडून घेतलेल्या बायका सुभेदारावर तिखटाचा मारा करतात, तो त्याचा शेवट. नंदुरबार त्या काळीं धुळे जिल्ह्यांतच होतें आणि तेथला मिरचीचा बाजार सर्वांना ठाऊक. लाल मिरच्यांची पठारें वाळत घातलेलीं आणि त्यांत तोंडाला फडकें बांधून निवडीत बसलेल्या बायका आम्हीं लहानपणापासून पाहत आलों. धुळ्याच्या त्या खेळाला शेवटच्या दृश्याच्या वेळीं पुढच्या रांगांतून खरोखरीचा ठसका ऐकूं आला, असें आम्हांस पक्कें आठवतें. पत्नी म्हणते, तो विडीचा होता.

ह्या सर्व गोष्टी जुन्या झाल्या. नाना गेले, धाकटीचे यजमान गेले, आम्ही निवृत्त होऊनही आतां पुष्कळ वर्षें झालीं. धाकटी सत्तरीला आली; ती मेहरूणकडे मुलाच्या घरीं असते. गेल्या डिसेंबरांत भरिताचें निमित्त काढून तिनें आम्हांस बोलाविलें. अंगणांत कपाशीच्या काड्यांवर वांगीं भाजणें चाललें होतें. तिची नात कॉलेजांत आहे, आणि तिला कोठल्याशा स्पर्धेच्या नाटकांत काम मिळालें आहे, हें तेथें बोलण्यांत निघालें. परवानगीचा प्रश्न कोणी काढलाही नाहीं. मुलगी मोबाईलवर पाहून आपलें भाषण घोकीत होती आणि पुन्हा पुन्हा अडत होती.

"आजी, तुम्हीं कधीं केलें होतें का ग नाटक?" तिनें सहज विचारलें.

आम्हीं समोरच्या वांग्यांकडे पाहिलें.

"केलें नाहीं, पण पाठ केलें होतें," धाकटी म्हणाली, आणि वांग्याची करपलेली साल काढतां काढतां तिनें तें म्हणण्यास आरंभ केला. संपावर गेलेल्या नवऱ्याशीं बोलणारी बाई; घरांत दाणा नाहीं, पण ती त्याला कामावर जा असें म्हणत नाहीं. आवाज चढविला नाहीं. नवऱ्याचें वाक्य आलें कीं ती तेवढी थांबे, तें ऐकल्यासारखें करी आणि मग उत्तर देई. मध्यें एका ठिकाणीं ती फारच वेळ थांबली. आमच्याकडे पाहत होती.

"पुढचें तुझें आहे, दादा," ती म्हणाली. "वही तूंच नेली होतीस."

आम्हांला तें वाक्य येत नव्हतें. तिनें क्षणभर वाट पाहिली, मग नवऱ्याचें वाक्य स्वतःच म्हटलें, आणि पुढें चालूं लागली. नातीनें मोबाईल खालीं ठेवला होता. धाकटीचे दोन्ही हात काळ्या राखेनें माखलेले परातीच्या कांठावर पडले होते, आणि भाषण संपेपर्यंत ते जेथें होते तेथेंच राहिले.